सिग्नलला गाडी आपोआप बंद पडते, ही सोय कायमची बंद करता येते का?

रानजाई | १४ जून, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअरची. तिला ती स्टार्ट-स्टॉपची सोय आहे. सिग्नलला न्यूट्रल करून क्लचवरचा पाय काढला की इंजिन बंद, क्लच दाबला की परत चालू. डॅशबोर्डवर गोल बाणात 'ए' लिहिलेलं बटण आहे. ते दाबलं की सोय बंद होते, पण तेवढ्यापुरतीच. संध्याकाळी ऑफिसातून निघताना किल्ली फिरवली की स्वारी परत हजर.

मी रोज कर्वेनगर ते हिंजवडी करते आणि आजवर निभावून नेत होते. पण तीन आठवड्यांपूर्वी बाबा (वय ७१) चालवत होते आणि मी शेजारी होते. वळवाची सर येऊन गेलेली, चांदणी चौकाच्या चढावर गाड्या तुंबलेल्या. बाबांनी सवयीने न्यूट्रल केलं, इंजिन बंद झालं. पुढची गाडी हलली तसा त्यांनी क्लच दाबला. एरवी चटकन लागते, त्या दिवशी अडखळली. हेडलाइट मंदावले, स्टिरिओचा पडदा काळा पडून परत उजळला, घर्र घर्र झालं आणि मग इंजिन लागलं. तेवढ्यात गाडी हातभर मागे आली. मागच्या टेंपोवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. लागलं कुणालाच नाही. पण बाबांनी पुढे जाऊन गाडी कडेला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली, आणि तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पंचेचाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आता रिक्षाने मंडईत जातो.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "कायमची बंद करायची सोय नाही मॅडम, बटण दाबत जा." कुणी काही केलं आहे का? वायर काढणं, ते ऑनलाइन मिळणारं उपकरण, काहीही. अनुभव सांगा.

पावशेर | १४ जून, सकाळी ९:४०

अगदी मनातलं बोललात. माझी गाडी म्हणजे खोलीतून बाहेर पडायच्या आत दिवा-पंखा बंद करणारी आमची आई आहे. फरक इतकाच की आईला "अगं, मी आहे अजून इथेच" असं सांगता येतं.

मी काहीच केलेलं नाही. सीटबेल्ट लावायचा, बटण दाबायचं, निघायचं. आता हात आपोआप जातो.

सह्यकडा | १४ जून, सकाळी १०:०५

@रानजाई, मॅन्युअल असेल तर न्यूट्रल करूच नका. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभे राहा, इंजिन बंद होणार नाही. चढावर तर हेच करायचं. फुकटचा उपाय.

निळी_छत्री | १४ जून, सकाळी १०:२०

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी: माझ्या गाडीत (मुंबई, सीव्हीटी) ब्रेक पूर्ण दाबला तरच इंजिन बंद होतं. गाडी थांबेल इतपतच हलका दाबून ठेवला तर चालू राहतं. आठवड्याभरात पायाला अंदाज येतो. सगळ्या ऑटोमॅटिकमध्ये असं असेलच असं नाही, करून पाहा.

गॅरेजवाला_सातारा | १४ जून, दुपारी १:३०

@सह्यकडा दादा, घाटात दोन मिनिटांपुरतं ठीक आहे. पण नव्वद सेकंदांचे सिग्नल रोज दहा वेळा क्लच दाबून काढले तर रिलीज बेअरिंगची वाट लागते. ते बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मजुरी ऐकून घाम फुटेल.

@रानजाई ताई, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला खटकली. स्टिरिओ काळा पडून परत उजळला म्हणालात. हे त्या एकाच दिवशी झालं की रोज होतंय? घड्याळाची वेळ पुसली जाते का? आणि बॅटरी कधी बदललीय का? हे आधी सांगा. वायरीचं नंतर बघू.

जुगाडू_नांदेड | १४ जून, दुपारी २:१०

सगळ्यात सोपं: बॉनेटच्या कुलुपापाशी एक छोटा स्विच असतो. बॉनेट उघडं आहे असं गाडीला वाटलं की ती इंजिन आपोआप बंद करत नाही. त्या स्विचचा कनेक्टर काढून ठेवायचा, काम तमाम. दुसरा मार्ग, बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक सेन्सर बसवलेला असतो, त्याची पिन काढायची. माझ्या मित्राने केलंय, दोन वर्षं झाली.

टेस्टबेंच | १४ जून, दुपारी ४:४५

@जुगाडू, कळकळीने सांगतो, यातलं दुसरं तर कुणीच करू नये. तो सेन्सर बॅटरीत किती करंट जातो, किती निघतो आणि तापमान किती हे मोजतो. त्यावर अल्टरनेटरचं चार्जिंग ठरतं. तो काढला की गाडी अंदाजाने चार्जिंग करू लागते, बॅटरी कधी उपाशी राहते तर कधी जास्त तापते. आणि बॉनेटचा स्विच काढला तर चालत्या गाडीत बॉनेट खरंच उघडं राहिलं तरी तुम्हाला कळणार नाही. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगात बॉनेट काचेवर आदळताना मी पाहिलंय. त्या सूचनेला हात लावू नका.

आता बटण दरवेळी आपली अवस्था का विसरतं, ते सांगतो. बरीच वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये काढली आहेत. गाडीचं मायलेज आणि धूर रस्त्यावर नाही, तर रोलरवर उभ्या करून ठरलेल्या तालावर चालवून मोजतात. आपल्याकडचा तो ताल एकूण ११८० सेकंदांचा. त्यात शहरी भाग १९५ सेकंदांचा, तो चार वेळा येतो, आणि शेवटी ४०० सेकंदांचा मोकळ्या रस्त्याचा भाग. शहरी तुकड्यात जवळजवळ एक तृतीयांश वेळ गाडी नुसती उभी असते. तेवढा वेळ इंजिन बंद राहिलं तर कागदावरचा आकडा लगेच सुधारतो.

वर 'कॅफे' नावाचे सरकारी नियम. कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड १३० ग्रॅम प्रतिकिलोमीटरच्या आसपास हवा होता, तो २०२२-२३ पासून ११३ वर आला. स्टार्ट-स्टॉप, टायरचा दाब सांगणारी यंत्रणा, सहा किंवा जास्त गिअर अशा गोष्टींना त्या हिशेबात थोडी सवलत मिळते. म्हणून ही सोय गाडीत आली, आणि म्हणूनच ती मूळ अवस्थेत चालू असते. ज्या अवस्थेत प्रमाणपत्र मिळालं, किल्ली फिरवली की गाडी त्याच अवस्थेत परत जाते. सर्व्हिस सेंटरवाला मुद्दाम अडवत नाहीये, त्याच्या हातात ते नाहीच.

पावशेर | १४ जून, संध्याकाळी ५:०२

वाचनखूण साठवली. चार वर्षं बटण दाबतोय, कारण आज कळलं.

दर्यावर्दी | १४ जून, संध्याकाळी ६:३०

पण मग दुचाकीत असं का नाही? आमच्या १२५ सीसी स्कूटरला (२०१९ च्या शेवटी घेतलेली, बीएस-६) उजव्या हाताशी हीच सोय बंद-चालू करायचा खटका आहे. एकदा खाली केला की वर्षभर खालीच. गोव्यात रिबंदरला फेरीबोटीच्या रांगेत उभा राहिलो की चालू करतो, बोट लागली की थ्रॉटल पिळून पुढे. आवाजही होत नाही, नुसती 'फुस्स' करून चालू. कारमध्ये असा साधा खटका दिला असता तर हा धागाच निघाला नसता.

अण्णा_ओझर | १४ जून, संध्याकाळी ७:१५

दर्यावर्दी यांना अनुमोदन. माझ्या स्प्लेंडर आयस्मार्टला २०१४ पासून हेच आहे. हाताशी आय-थ्री-एसचं (त्यांच्या स्टार्ट-स्टॉपचं) बटण, न्यूट्रल केलं की काही सेकंदांत बंद, क्लच दाबला की चालू. ओझर ते नाशिक रोज करायचो तेव्हा द्वारका चौकात नेमाने वापरलं. बटण जिथे ठेवाल तिथे राहतं. माणसाने एकदा सांगितलं ते यंत्राने लक्षात ठेवावं, एवढीच अपेक्षा आहे.

उन्हाळवाळू | १४ जून, रात्री ८:००

नागपूरचा अनुभव ऐका. मे महिना, बाहेर ४५. सिग्नलला इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसरही बंद, कारण तो इंजिनच्या पट्ट्यावर चालते. मग नुसता पंखा. अर्ध्या मिनिटात गरम वाफा. मग गाडीलेच वाटते की आत फार तापलं, ते स्वतःच इंजिन चालू करते. म्हणजे बंद कर, चालू कर, हाती काय लागलं बापा? एप्रिल ते जून मी बटण दाबूनच निघतो. बाकी नऊ महिने चालू ठेवतो, तक्रार नाही.

पै_पै | १४ जून, रात्री ९:२०

आकड्यांत बोलतो. माझी १.२ लिटरची पेट्रोल गाडी, एसी लावून नुसती उभी असताना तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पिते असं डिस्प्ले दाखवतो. रोज साधारण १२ मिनिटं सिग्नलला जातात. म्हणजे दिवसाला ०.१५ लिटर, वर्षातले २५० दिवस धरले तर ३७ लिटर. शंभराच्या वरचा भाव धरा, पावणेचार ते चार हजार रुपये. पण हे सोय प्रत्येक वेळी पूर्ण चालली तर. उन्हाळा, थंड इंजिन, पाच सेकंदांचे थांबे वजा केले तर निम्मं हातात येतं. साधारण दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असू तर बंद केलेलं परवडतं, असा ठोकताळा आहे. भूमकर चौकात गाडी दोन फूट सरकते आणि थांबते, तिथे ही सोय नकोच.

चाफेकळी | १४ जून, रात्री १०:४१

इथे सगळे गाडीच्या आतून बोलताय, म्हणून लिहिते. मी मुलीला स्कूटरवर शाळेत सोडते. तिला दमा आहे. चौकात आम्ही दोन गाड्यांच्या मधे उभ्या असतो आणि दोन्हीकडचा धूर आणि एसीची गरम हवा तिच्या तोंडाच्या उंचीवर येते. ती स्कार्फ वर ओढते आणि सिग्नलचे आकडे मोजते, "आई, अजून बेचाळीस." ज्या गाडीचं इंजिन बंद असतं ती आम्हाला लगेच कळते, मांडीला थरथर लागत नाही. मी मुद्दाम तशा गाडीशेजारी थांबते.

दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीम काढली होती. तुमच्या गाडीत ते फुकट आणि आपोआप होतंय. बाबांचा त्रास खरा आहे रानजाई, तो कमी लेखत नाही. पण "कायमची बंद कशी करायची" याआधी एकदा माझ्या मुलीचा विचार करा एवढंच म्हणते.

रानजाई | १४ जून, रात्री ११:३०

चाफेकळी, तुमचं वाचून गप्प झाले. खरंच या बाजूने पाहिलंच नव्हतं.

@गॅरेजवाला दादा: हो, स्टिरिओ बहुतेक रोज काळा पडतो, विशेषतः संध्याकाळी, हेडलाइट आणि वायपर चालू असताना. मला वाटायचं की स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांचं असंच असतं. घड्याळ मात्र बरोबर असतं. बॅटरी गेल्या दिवाळीत बदलली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गाडी चालूच होईना, तेव्हा जवळच्या दुकानातून माणूस येऊन बसवून गेला.

गॅरेजवाला_सातारा | १५ जून, सकाळी ७:५०

वाटलंच.

ताई, आता एक काम करा. बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या वरच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. मग गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा आणि त्यात कुठली बॅटरी सांगितलीय ते बघा.

स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही. एक तर ईएफबी लागते, म्हणजे साध्याच बॅटरीची दणकट बहीण, नाहीतर मोठ्या गाड्यांना एजीएम, त्यात ॲसिड काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं असतं. साधी बॅटरी दिवसातून दोन-चार वेळा स्टार्ट मारायला बनवलेली. तुमच्याकडे ती दिवसातून तीस-चाळीस वेळा मारतेय, आणि इंजिन बंद असताना दिवे, पंखा, स्टिरिओ सगळं तिच्यावरच. कायम अर्धवट भरलेली राहते, प्लेटवर सल्फेट धरतं, सहा-आठ महिन्यांत दम संपतो. पूर्ण मेली असती तर गाडीनेच ओळखून सिग्नलला इंजिन बंद करायचं थांबवलं असतं. तुमची मधेच लटकलीय.

जपानी पद्धतीच्या बॅटरीला ३८बी२० असे नंबर असतात, त्या साध्या. त्याच मापाच्या स्टार्ट-स्टॉपवाल्या बॅटरीवर एम-४२ लिहिलेलं असतं. त्याहून मोठी एन-५५, आणखी मोठी क्यू-८५. माप तेच, खोबणीत बरोबर बसते, म्हणून दुकानदार साधी ठेवून देतो आणि गिऱ्हाइकाला कळत नाही.

श्टुटगार्टकर | १५ जून, दुपारी १२:१०

जर्मनीतून थोडं अवांतर. इथे विनाकारण इंजिन चालू ठेवून उभं राहणं हा नियमभंग आहे, दंड होतो. रेल्वे फाटकापाशी 'लाल दिवा असताना इथे इंजिन बंद करा' अशा पाट्या ही यंत्रणा यायच्या आधीपासून आहेत. माझी शेजारीण पंच्याहत्तरीची आहे, ती अजून फाटकाशी हाताने किल्ली फिरवते.

पण इथेही लोक बटण दाबतातच. गाडी उलटी लावताना, वळणावर समोरून येणाऱ्यांसाठी थांबताना अर्धा सेकंद उशीर झाला तरी जीव वरखाली होतो.

एडिसनचा_शेजारी | १५ जून, संध्याकाळी ६:०५

न्यू जर्सीत आहे. इथे हा राजकीय विषय झालाय. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनी जाहीरच केलं की ही सोय कुणाला आवडत नाही आणि तिला नियमांतून मिळणारा फायदा काढून घेणार. मला स्वतःला ती आवडते. ट्रेनने येणाऱ्या बायकोची वाट बघत स्टेशनबाहेर उभा असतो तेव्हा गाडीत शांतता असते, तेवढ्यात आईला फोन होतो.

तबकडी | १५ जून, संध्याकाळी ७:२२

माझ्याकडे सियाझ डिझेल एसएचव्हीएस (सौम्य हायब्रिड) आहे, २०१६ ची. त्यात सिग्नलनंतर इंजिन पट्ट्याने फिरतं, अल्टरनेटरच स्टार्टरचं काम करतो. इंजिन कधी लागलं ते कळतही नाही. त्यामुळे "स्टार्ट-स्टॉप वाईट" असं सरसकट म्हणू नये. जिथे नेहमीच्याच पद्धतीचा दातेरी स्टार्टर आहे तिथे तो धक्का आणि आवाज जाणवतो.

एक शंका मात्र आहे. इतक्या वेळा स्टार्ट मारून इंजिन झिजत नाही का? टर्बो?

टेस्टबेंच | १५ जून, रात्री ८:४०

@तबकडी, झीज मुख्यतः रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाच्या पहिल्या स्टार्टला होते, तेल सगळं खाली उतरलेलं असतं म्हणून. सिग्नलला इंजिन गरम असतं, बेअरिंगमध्ये तेलाचा थर असतो. शिवाय या गाड्यांचा स्टार्टर नेहमीच्या कित्येक पट वेळा फिरायला बनवलेला असतो, बेअरिंगही वेगळी असतात. म्हणून इंजिनची काळजी करू नका, बॅटरीची करा. आणि सांगितलंय त्याच दर्जाचं तेल घाला.

टर्बोचं म्हणाल तर खंबाटकी घाट एका दमात चढून लगेच थांबलात तर बटण दाबून इंजिन मिनिटभर चालू ठेवावं. मी ठेवतो.

चढावर गाडी मागे येण्याबद्दल: रानजाई, इंजिन लागायला उशीर झाला हे खरं, पण चढावर हँडब्रेक ओढून ठेवला असता तर गाडी हातभरही मागे आली नसती. बाबांना हे सांगताना मात्र जपून सांगा, त्यांना दोष दिल्यासारखं वाटेल.

निळी_छत्री | १५ जून, रात्री ९:१५

एक धोक्याची गोष्ट राहिली. इंजिन आपोआप बंद झालं म्हणजे गाडी बंद झाली असं नाही. माझे सासरे दादरला वाण्याच्या दारात थांबले. गाडी शांत, म्हणून बंद आहे समजून उतरले आणि गप्पा मारत बसले. किल्ली तशीच, दिवे, पंखा सगळं चालू. तासाभराने येऊन पाहतात तर बॅटरी बसलेली. सीटबेल्ट काढून दार उघडलं की गाडी ओरडते, पण रस्त्याच्या गोंगाटात ऐकतो कोण? घरातल्या मोठ्यांना हे आवर्जून दाखवून ठेवा.

जुगाडू_नांदेड | १५ जून, रात्री ९:५०

@टेस्टबेंच, मुद्दा पटला. मित्राला फोन केला. त्याची बॅटरी या दोन वर्षांत एकदा गेलीय म्हणे, त्याने मला सांगितलंच नव्हतं. पिन परत लावायला सांगितलीय.

पण ते ऑनलाइन उपकरण? बटणाच्या मागे जोडायचं, किल्ली फिरवली की तेच आपोआप बटण दाबल्याचा सिग्नल देतं. कुठली वायर कापावी लागत नाही.

कडीपत्ता | १५ जून, रात्री १०:३०

मी बसवलं होतं, अडीच हजारांना. चाललं छान, सात-आठ महिने. मग सर्व्हिसला गाडी दिली तेव्हा त्यांनी काहीतरी एरर दिसतोय म्हणून काढून पिशवीत घालून दिलं आणि लेखी नोंद केली. वॉरंटी शिल्लक होती म्हणून परत लावलं नाही. वॉरंटी संपली असेल आणि उपकरण नेमकं तुमच्याच मॉडेलचं असेल तर विचार करा. मिळतंजुळतं म्हणून घेऊ नका. काही युरोपियन गाड्यांत स्कॅनर जोडून 'शेवटची अवस्था लक्षात ठेव' अशी सेटिंग करून देणारे लोकही आहेत, ते त्यातल्या त्यात स्वच्छ काम. पण कुणाकडून करून घेताय ते पाहून.

रानजाई | १७ जून, रात्री ९:०५

दोन दिवस पावसाने बॉनेट उघडता आलं नाही. आज सोसायटीच्या शेडखाली टॉर्च लावून पाहिलं.

स्टिकरवर: ३८बी२०.
पुस्तकात: एम-४२, आणि खाली ठळक अक्षरात 'स्टार्ट-स्टॉपसाठीचीच बॅटरी वापरावी'.

दिवाळीचं बिल सापडलं. ४,८०० रुपये. दुकानदाराचे शब्द मला आठवतात, "ताई, हीच बसते, कंपनीवाल्यापेक्षा दोन हजार स्वस्त." मी आभार मानले होते त्याचे.

शेजारच्या काकांकडे मल्टिमीटर होता. रात्रभर उभ्या गाडीचे १२.२ व्होल्ट. स्टार्ट मारताना आकडा ८.९ पर्यंत खाली. दादा, हे वाईट ना?

गॅरेजवाला_सातारा | १७ जून, रात्री ९:२०

वाईट. चांगली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या पुढे दाखवते आणि स्टार्ट मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. ८.९ ला स्टिरिओ डोळे मिटणारच. उद्याच बदला, पावसात अडकाल. बिल घेऊन त्याच दुकानात जा. वॉरंटी त्याची असणार, जुनीचे पैसे वळते करून एम-४२ मागा. आणि बसवताना मायनसवरचा सेन्सर नीट घट्ट बसतोय ना ते स्वतः उभं राहून बघा. नवी बसवल्यावर एक-दोन दिवस सिग्नलला इंजिन बंदच झालं नाही तर घाबरू नका. सेन्सरला नव्या बॅटरीची ओळख पटायला गाडी काही तास शांत उभी राहावी लागते.

आणि ताई, तुमचे बाबा चुकले नाहीत, गाडी चुकली नाही. खोबणीत चुकीचा डबा होता.

चाफेकळी | १८ जून, सकाळी ८:१०

हे त्यांना असंच्या असं वाचून दाखवा.

सह्यकडा | १८ जून, सकाळी ९:००

मी पण काल रात्री बॉनेट उघडून बघितलं. माझी ठीक आहे. आणि क्लच दाबून उभं राहणं बंद केलंय.

रानजाई | २ जुलै, रात्री १०:१८

धागा वर काढते, कारण बाकी राहिलेलं सांगायचं आहे.

दुकानदाराने आधी "साधी पण चालते" असाच सूर लावला. मी गाडीचं पुस्तक उघडून पान समोर धरलं. मग जुनीचे पैसे वळते केले, वरचे २,१०० मी दिले. एम-४२ बसली. दोन दिवस खरंच इंजिन बंद झालं नाही, तिसऱ्या दिवशी नळ स्टॉपला पहिल्यांदा झालं. क्लच दाबताच टच्‌कन लागलं. स्टिरिओवर गाणं चालू होतं, ते तुटलं नाही. मी वायपर, दिवे, एसी सगळं लावून पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

बाबांना गॅरेजवाला दादांचा प्रतिसाद मी फोनवरून वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन एकटेच बॅटरीचा स्टिकर वाचून आले. आणि मग प्रीमियर पद्मिनीची गोष्ट निघाली. सिग्नलला ते तिला कधी बंद करायचे नाहीत, कारण परत लागेल याची खात्री नसायची. दोनदा लक्ष्मी रोडवर आईने आणि मावशीने साड्या सावरत धक्का मारलेला आहे. बंद पडलेलं इंजिन म्हणजे धक्का, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्या दिवशी चढावर त्यांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

गेल्या रविवारी ते मंडईत गाडी घेऊन गेले. मी शेजारी बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी सीट मागे घेतली, आरसा नीट केला, किल्ली फिरवली आणि गोल बाणाचं बटण दाबलं. म्हणाले, "पद्मिनीचा चोक ओढायचो ना सकाळी, तसं हे." चढाला हँडब्रेकही ओढला, मी न सांगता.

चाफेकळी, मी मात्र माझ्या वेळेला ते बटण दाबत नाही. भूमकर चौक सोडला तर पूर्ण रस्ता चालू ठेवते.

गॅरेजवाला_सातारा | ३ जुलै, सकाळी ७:३५

लई भारी. साताऱ्याकडे आलात तर बाबांना घेऊन या, चहा माझ्याकडं.

पावशेर | ३ जुलै, सकाळी ९:१५

दादा, माझ्या स्टिकरवर नुसतं '४६बी२४' आहे आणि पुस्तक हरवलंय. गाडीला 'ए'चं बटण आहे. काय समजू?

गॅरेजवाला_सातारा | ३ जुलै, सकाळी ९:२८

साधी बसवलीय. त्या मापाला एन-५५ लागते. कंपनीच्या साइटवर पुस्तकाची पीडीएफ मिळते, एकदा ताडून बघा आणि पावसाचा जोर वाढायच्या आत बदला.